कुव्रे गावातलं खोगीरवाल्याचं घर

पॅरिसला लेकीकडे गेलं, की नातवंडांचं एकच पालुपद – डिस्नेलँड! यंदा जावई त्यांना घेऊन तिकडे गेले आणि आम्ही मायलेकी आगगाडीनं एस्ब्लीला उतरून जवळच्याच कुव्रे गावाची वाट धरली. अंधांना लिपी देणाऱ्या लुई ब्रेलचं हे जन्मगाव. त्याचं घर आता संग्रहालय आहे.

तिथं जायला कारण होतं. माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीला दिसत नाही. दोन शाळांनी नकार दिला, तेव्हा नणंद डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, आता काय करू?" आणि मीच शहाणपणा केला, "कशाला पोरीची फरफट? राहू दे की घरीच." ते शब्द तेव्हापासून मनात सलत होते.

दगडी, साधंसं घर. खाली पाव भाजायची भट्टी, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग. आणि वडिलांची काम करायची जागा. ते घोड्यांची खोगिरं, लगाम करीत. तिथल्या आऱ्या नि चाकू पाहून पोटात धस्स झालं. तीन वर्षांचा लुई अशाच एका हत्याराशी खेळायला गेला आणि डोळ्याला इजा झाली. दुसरा डोळाही बिघडला. पाचव्या वर्षी पूर्ण अंधार. हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं, औषधपाणी बेताचंच. त्या माउलीचं काय झालं असेल!

पण आईबापांनी पोराला कोपऱ्यात बसवलं नाही. वडिलांनी काठी करून दिली. लाकडावर खिळे ठोकून त्यांची अक्षरं केली आणि बोटांनी ओळखायला शिकवली, असं सांगतात. मग गावच्याच शाळेत घातलं. ऐकून ऐकून लुई हुशार निघाला, पण वर्गात बसायला मिळालं तरी पुस्तक काही वाचता येईना.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथं उठावाच्या अक्षरांची पुस्तकं होती. पण जडच्या जड, वाचायला वेळखाऊ, आणि तसं लिहिणं तर मुलांच्या हातचंच नव्हतं. शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची पद्धत आली, पण ती एका बोटाखाली मावेना. लुईनं ती सहा टिंबांवर आणली. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी! टिंबं उठवायला हवी फक्त एक टोचणी. म्हणजे जसल्या टोकदार हत्यारानं डोळे नेले, तसल्याच टोकानं वाचणं-लिहिणं हाती दिलं.

१८५२ मध्ये तो गेला. फ्रान्सनं लिपीला अधिकृत मान दिला तो त्यानंतर, १८५४ साली. १९५२ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँ या स्मारकात नेले, पण हात तेवढे गावच्या दफनभूमीत राहिले. तिथं उभी राहिले आणि भाचीची इवली बोटं आठवली.

मैत्रिणींनो, आपल्या भाषांसाठीही १९५१ पासून भारती ब्रेल आहे. आणि २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना, जवळच्या शाळेत किंवा हवं तर खास शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. तेव्हा "आमच्याकडे सोय नाही" ऐकून मुकाट्यानं परत फिरू नका.

परतल्यावर शिवणाचा डबा काढला. एका पुठ्ठ्यावर एक अक्षर. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन जागा. टिंब असेल तिथंच बटण शिवायचं. डावीकडचं सर्वांत वरचं एकच बटण म्हणजे 'अ'. त्याच रांगेत सर्वांत खाली आणखी एक शिवलं, की 'क'.

भाचीनं दोन-तीनदा चाचपलं. "मामी, हा 'क' ना गं?"

नणंदेनं पदर डोळ्यांना लावला. शाळेचा अर्ज तिनं पुन्हा भरलाय. सोमवारी जायचंय. या खेपेला तिच्याबरोबर मीही जाणार आहे.