पहिलं टोक

यंदा पेरणीच्या तोंडावर उजवा अंगठा ऐकेनासा झाला. पिस्टनवरच्या रिंगा मी आजवर दोन अंगठ्यांच्या नखांवर उघडत आलो. रिंग उघडायची पक्कड दुकानात आहे, पण ती हेल्परांसाठी, असं मी चार माणसांत मोठ्यानं सांगायचो. आता तीच हातात घ्यावी लागते. सुटी रिंग तिनं निघते. जाम रिंगेला मात्र पक्कड धरायला जागाच नसते. तिचं टोक खाचेत बुडालेलं असतं आणि वर कार्बन काळ्या काचेसारखा बसलेला. ते पहिलं टोक उचलायचं कसं, एवढ्या एकाच गोष्टीवर माझी अर्धी मिस्त्रीगिरी गेली.

बीड जातीनं ठिसूळ. लवते, लवते आणि न सांगता तुटते. म्हणून मी टोकाकडं आधी जातच नाही. पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये पालथा, सकाळी कढत पाण्यात. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळं पिस्टन गरम असतानाच खाचेची पकड जराशी सैल होते. मग पितळी सळईनं रिंगेभोवती टिचक्या मारत फिरायचं. जिथं रिंग धरलेली तिथं आवाज बद्द येतो. जिथं सुटली तिथं किंचित खणखणतो. टोकापाशी तो आवाज बदलला की नख घालायचं, त्याआधी नाही. हा फरक कानाला अजून कळतो. पण नखाखाली आलं ते टोक आहे की कार्बनचा खडा, हे अंगठ्याला पूर्वीसारखं कळत नाही.

माझ्याकडं आयटीआय करून आलेला एक पोरगा आहे. कंधारकडचा एक मॅसी १०३५ ट्रॅक्टर खोलला होता. मालकाचं म्हणणं एवढंच, "मिस्त्री, तेल लई पिऊलालंय." ब्रीदरमधून धूर, सायलेन्सरला निळा धूर. मी मागच्या पिस्टनवर वाकून बसलेलो बघून पोरगा म्हणाला, "काका, रिंगसेट तर आपण नवाच टाकणार. मग ही जुनी साबूत काढायची कशाला? तोडा की."

प्रश्न बिनतोड होता. रिंग मोडून काढली तरी मालकाला पावतीत फरक पडत नाही.

मी त्याला तिन्ही पिस्टन शेजारी ठेवून दाखवले. पुढच्या दोघांच्या रिंगा बोटानं फिरत होत्या, तोंडावर चकाकी होती. तिसऱ्याची वरची रिंग अर्ध्या घेरात धरलेली, आणि बरोबर त्याच अर्ध्याखाली स्कर्टवर काळा पट्टा उतरलेला. गॅस तिथूनच खाली पळत होता. तिघांना तेल एकच. तेल वाईट असतं तर तिघं धरले असते. नुसत्या फवारणीवर आणि टँकरवर हलकं चालून इंजिन नीट तापलंच नसतं, तरी तिघांवर थर आला असता. एकच धरला, तर एकतर त्याचा नोझल थेंब टाकतो, नाहीतर पाण्याच्या पंपापासून लांब असल्यानं तिथं पाणी नीट फिरत नाही. नोझल टेस्टरवर लावला. फवारा सोडायच्या ऐवजी तोंडाशी थेंब धरत होता. कुठं धरलीय ते न बघताच रिंग तोडली असती, नवी टाकली असती, आणि पुढच्या दिवाळीला तोच सिलिंडर परत आला असता.

पोराला पटलं. पण हे कारण अर्धंच होतं. साबूत निघालेली रिंग मालकाच्या तळहातावर ठेवायची आणि काही न बोलता हात पुसत उभं राहायचं, हे दुसरं अर्धं. शटरच्या आत खिळ्यांवर अशा रिंगा टांगून ठेवल्यात. गिऱ्हाईक आलं की माझी नजर तिकडं जाते. त्याचीही जावी म्हणून.

आमच्या धंद्यात काहीजण पिस्टन कॉस्टिक सोड्यात टाकतात. कार्बन निघतो, खरं आहे. पण कॉस्टिक ॲल्युमिनियमही खातं आणि खाच ढिली होते. काही गॅसची ज्योत लावतात. काही सरळ छिन्नी. मग इंजिन बांधून झालं की हेच लोक "कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही" म्हणून मोकळे. कंप्रेशन बघताना सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून "आकडा वाढला, म्हणजे रिंगाच गेल्या" असा निकाल देणारेही आहेत. पेट्रोल गाडीला ते चालेल. डिझेलमध्ये वरची जागाच इतकी थोडी, की ते तेल जागा अडवूनच आकडा चढवतं.

आता पोरं नोझलच्या भोकातून मोबाइलला जोडलेला बारीक कॅमेरा सोडतात. लाइनर झकास दिसतो. पण खाच पिस्टनच्या कडेला, कॅमेऱ्याच्या आड. तिथलं कॅमेऱ्याला काय दिसणार? असं मी ठासून सांगतो. त्यात थोडी जळजळ आहे, ती असू द्या. नव्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तर वरची रिंग पाचरीच्या आकाराची येते. पिस्टन हलला की खाचेतली फट कमीजास्त होते आणि कार्बन आपोआप फुटतो. इंजिनिअर लोकांनी माझी कला रिंगेच्या आकारातच संपवली. मला उरले बी-२७५ आणि एचएमटीसारखे जुने ट्रॅक्टर. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं २०१६ला ठरलं. एचएमटीची जुनी रिंग साबूत निघाली तर निदान दुकानदारापुढं माप म्हणून ठेवता येते.

त्याच वर्षी, २०१६ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. टँकरला जुंपलेले ट्रॅक्टर दिवसरात्र पळत होते, पण रान पडीक म्हणून कितीतरी नुसते उभे होते. पुढं पाऊस झाला आणि ते माझ्याकडं आले, इंजिन फिरेना म्हणून. हा जाम वेगळा. यात रिंग खाचेत नाही, लाइनरला गंजानं धरते, आणि तेही बहुतेक ज्या सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला त्याच्यातच. ओल तिथूनच शिरते. नोझल काढून डिझेल आणि तेल सोडायचं, रेडिएटरमध्ये उकळतं पाणी, आणि फ्लायव्हीलला पहार लावून बोटभर इकडं, बोटभर तिकडं. एका अंगाला जोर लावला की रिंग गेलीच. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून, गिअर टाकून ओढून आणलेली इंजिनं मी आता घेत नाही. त्यात रिंगेबरोबर पिस्टनची कडाही गेलेली असते.

मॅसीची ती रिंग शेवटी पोरानंच काढली. मी आवाज ऐकून जागा सांगितली, नख त्याचं. खिळ्यावर टांगायला त्यानं माझ्याकडं मागितली नाही, स्वतःच्या खिशात घातली. मला ते आवडलं नाही.

ट्रॅक्टर उभा करणार असाल तर सायलेन्सरवर डबा उपडा घाला. आणि पंधरवड्यातून एकदा जागेवर घुरघुर करून बंद करू नका. त्यानं ओल वाढते. नांगराला नाहीतर भरल्या ट्रॉलीला जुंपा आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईस्तोवर चालवा.