कंदी पेढे, भडंग आणि एक पत्र्याचा डबा

साताऱ्याला जायचं म्हणजे कास, ठोसेघर आणि परतताना कंदी पेढे. सांगलीला जायचं म्हणजे गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट आणि बॅगेत भडंग. माझा गेला वीकएन्ड मात्र या दोन्ही गावांत एका पत्र्याच्या डब्यामागे गेला! डबा म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट. हसू नका, त्यावरून आमच्या मावशीच्या घरी जवळजवळ भांडण झालं होतं.

मावसभाऊ सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षं क्लासेसमध्ये शिकवून पैसे साठवले आणि पठ्ठ्याने ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते बसवलं जुन्याच कॅबिनेटमध्ये. परिणाम? दुपारी गेम सुरू केला की वीस मिनिटांत मशीन बंद. मग एका बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन. (तुमच्यापैकी कितीजणांनी हे केलंय, खरं सांगा.) एके दिवशी आत पाल शिरली आणि तो उपायही संपला. "आता एक रुपया मिळणार नाही," असं काकांनी जाहीर केलेलं. त्याच्याकडे उरले होते तीन हजार. त्यात डबा चुकला असता, तर दोन वर्षांच्या कमाईचं कार्ड तापून तापून कधीतरी मान टाकणार होतं.

शनिवारी सकाळी आम्ही पोवई नाक्याच्या आसपास फिरायला लागलो. पहिल्याच दुकानात मी प्रेमात पडले. समोर सलग काच, आत चार फॅन, सात रंगांची रोषणाई... एखाद्या ऑर्केस्ट्राचं स्टेजच! किंमतही फार वर नव्हती. भावाने मान हलवली. "ताई, दिसतंय भारी, पण हवा कुठून घेणार?" काच आणि सांगाड्यामध्ये बोटभर फट होती, तेवढीच. दुसऱ्या दुकानात जाळीचं कॅबिनेट मिळालं, पण आत कार्डासाठी जागा २६ सेंटिमीटर आणि याचं कार्ड २८. तिसऱ्या ठिकाणी कॅबिनेटबरोबर एसएमपीएस 'फुकट' होता. त्याला याने लांबूनच नमस्कार केला. फुकटच्या एसएमपीएसवर छापलेले वॉट आणि तो खरोखर देतो ते वॉट यांची भेट होईलच असं नाही, आणि तो गेला तर जाताना कार्डालाही घेऊन जाऊ शकतो.

"सांगलीत बघू. एक काका आहेत," तो म्हणाला.

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीला. गाडी मिळाली आणि बरंच झालं, कारण कोरेगाव, कराड करत कृष्णाकाठच्या उसातून जाणारा हा प्रवास हायवेपेक्षा कितीतरी निवांत आहे. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये इथल्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना काढला. पत्र्याच्या डब्यासाठी निघालेल्यांनी तिथे मनातल्या मनात हात जोडायला हरकत नाही.

काकांचं दुकान सांगलीच्या जुन्या बाजारात, मारुती रोडच्या बाजूला. त्यांनी काही दाखवायच्या आधी चौकशी सुरू केली. "बोर्ड कुठला? कार्डाची लांबी? कूलरची उंची? मोजून आलायसा का अंदाजानं?" बोर्ड होता मायक्रो एटीएक्स, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटरचा चौकोन. पूर्ण एटीएक्स उंचीला साडेतीस असतो. लहान बोर्ड मोठ्या डब्यात बसतो, उलटं जमत नाही. कूलरची उंचीही बघावीच लागते, नाहीतर सगळं बसतं आणि शेवटी बाजूचं झाकण लागत नाही!

मग त्यांनी गल्ल्यावरच्या गणपतीसमोरची उदबत्ती उचलली. एक काचवालं आणि एक जाळीवालं कॅबिनेट शेजारी ठेवून फॅन सुरू केले. काचेसमोर धूर घुटमळला, थोडा फटीतून शिरला, बाकीचा वर गेला. जाळीसमोर धरल्याबरोबर सरळ आत खेचला गेला आणि मागच्या फॅनमधून बाहेर पडला. "समोरनं घ्यायची, मागनं सोडायची. दिवे काय थंड करत न्हाईत ओ," काका म्हणाले. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीजवळ जातो, तिथे हा हिशेब महत्त्वाचा. जाळीतून धूळ येते हे खरं, म्हणून काढून धुता येणारा फिल्टर बघून घ्यायचा.

पुढचा प्रश्न मला अनपेक्षित होता. "खोली कितव्या मजल्यावर?"

मी भिंतीकडे पाहिलं. माझ्या डोक्याच्या वर एक पुसट मातकट रेघ होती. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. काकांचा खालचा सगळा माल गेला. "कॅबिनेटं धुतली, पुसली, निम्म्यात विकली. बोर्ड कुठलं धुतोय?" ते इतक्या सहज म्हणाले की पुढे काय बोलावं सुचेना. आता खालच्या रॅकवर फक्त रिकामी खोकी असतात. गिऱ्हाईक पोरगं असलं की ते मजला विचारतात, आणि तळमजला असेल तर मशीन जमिनीवर ठेवू नको म्हणून बजावतात. आमच्या भावाची खोली विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर. काका खूश.

"मागं हात लावला की झिणझिण्या येतात?"

"येतात!"

"मग डबा बदलून जाणार न्हाईत त्या. घरमालकाला अर्थिंग बघायला सांग."

जाळीचं कॅबिनेट, तीन फॅन, कार्डाला ३२ सेंटिमीटर जागा, एकही दिवा नाही. २,६५० रुपये. उरलेल्या पैशांत भडंग आणि स्पाइक गार्ड.

रिक्षात खोकं मांडीवर घेऊन खोलीवर गेलो. जोडणीला तीन तास लागले, त्यातला एक तास हरवलेला स्क्रू शोधण्यात. रविवारी भर दुपारी गेम लावला. आधी ८७ अंशांपर्यंत जाणारं कार्ड ७३ वर थांबलं. भाऊ तासभर आकड्याकडेच बघत होता, गेममध्ये तीनदा मेला. अर्थिंगसाठी वायरमनला सोमवारी बोलवायचं ठरलं.

घरमालकीण काकू चहा घेऊन वर आल्या. नवी वस्तू दिसल्यावर खाली जाऊन हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या.

"काकू, वर लावा," भाऊ घाईघाईने म्हणाला, "जाळीवर नको!"