मथळ्यात पदर लिहिला, ती चूक माझी

वीसेक वर्षं झाली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच पेपरात लागलो होतो. एका जिनिंगमध्ये बाईचा पदर शाफ्टात गेला, त्याबरोबर हातही. मी चार ओळींची बातमी दिली. मथळा : ‘पदर अडकून महिला मजूर जखमी’. म्हणजे चूक पदराची! शाफ्टला जाळी होती का, अंगावर घालायला काही दिलं होतं का, हे मी विचारलंच नाही.

परवा मानवतकडच्या एका जिनिंगमध्ये गेलो होतो. सरकी झाडणाऱ्या काकूंना विचारलं, कोट देत नाहीत का?
“देतेत की. पण गड्याच्या मापाचा हाय. बाही लोंबती. पदर तरी खोचता येतो, भाऊ.”

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पुरुष आघाडीवर गेले आणि तोफगोळे भरायला बाया आल्या. त्यांना झगे मिळाले, केस झाकायला टोप्या मिळाल्या. ठिणगी पडू नये म्हणून केसातली पिनसुद्धा आत नेता येत नसे. तरी ५ डिसेंबर १९१६ ला लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात स्फोट होऊन ३५ बाया गेल्या. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकन सरकारने व्हेरोनिका लेक या नटीला केस वर बांधायला सांगितलं. तिच्यासारखे मोकळे केस ठेवणाऱ्या कामगार मुलींचे केस मशिनीत जायची भीती होती. लढाईला माल पाहिजे होता, तेव्हा कुठं सरकारला बाईचे केस दिसले.

आपल्याकडं? १९४८ च्या कारखाने कायद्यात चालू मशिनीला तेलपाणी करणाऱ्या पुरुष कामगाराला अंगाबरोबरचे कपडे मालकानं द्यावेत, असं कलम २२ मध्ये होतं. बाईला त्या कामाची बंदी. पण शेजारी झाडू मारणारी, कापूस ओढणारी बाईच ना? तिच्या मापाचं काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली. बाईला आता सगळी कामं खुली, तिची संमती असेल तर रात्रपाळीही. चांगलंच आहे. पण काम खुलं केलं तर कोटही तिच्या मापाचा पाहिजे.

जिनिंगवाले मित्र इथं वाचत असतील, तर एवढंच करा : या हंगामाला कोट मागवताना बायांची मापं घ्या. टोपी द्या. शाफ्टला जाळी बसवा.

आणि पत्रकार भावांनो, पुढच्या वेळी मथळ्यात पदर लिहू नका. जाळी होती का, ते आधी विचारा.