कुंपणापलीकडचं गवत

26 जानेवारी 2025, रविवार
झेंडावंदनाहून परतले तर भाचीचा व्हिडिओ कॉल. ती कॅलिफोर्नियातल्या पसाडेनात राहते. 7 तारखेला संध्याकाळी ईटनची आग लागली, तेव्हा दोन बॅगा आणि पासपोर्ट घेऊन तिनं घर सोडलं होतं. घर वाचलं. शेजारच्या अल्टाडेनात मात्र गल्ल्याच्या गल्ल्या गेल्या. त्याच दिवशी सकाळी पलीकडे पॅलिसेड्सची आग लागली होती. दोन्हींत मिळून सोळा हजारांहून जास्त बांधकामं जळाली.

मी विचारलं, "एवढी मोठी आग रस्ता ओलांडून आली कशी?" ती म्हणाली, "मावशी, ज्वाळा आल्याच नाहीत गं, ठिणग्या आल्या. मैल मैल उडत. छपराच्या पन्हाळीतला पाचोळा, लाकडी कुंपण, पोटमाळ्याच्या झडपा, जिथे जागा मिळाली तिथे शिरल्या. समोरचं झाड हिरवंगार उभं आहे आणि मागचं घर राख झालंय."

हे डोक्यातून जात नाही. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागूनच डोंगराचं गवत सुरू होतं. जानेवारीतच ते पिवळं पडलंय.

2 फेब्रुवारी, रविवार
सोसायटीची सभा. लिफ्ट, पार्किंग, पुन्हा पार्किंग. शेवटी मी मागच्या गवताचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, बदलापूर म्हणजे काय कॅलिफोर्निया आहे का?"

नाहीच, आणि फरक नीट समजून घ्यायला हवा. तिथे डोंगरावर तेलकट पानांची झुडपं आणि वाळवंटाकडून खाली घोंगावत येणारा कोरडा सांता आना वारा. आपल्याकडे साग, ऐन, बोंडारा, पानगळीचं जंगल. इथला वणवा जमिनीलगत चालतो, गवत आणि पाचोळा खात जातो, सहसा शेंड्यावर चढत नाही. घरंही सिमेंटची. पॅलिसेड्ससारखं गाव इथे एका रात्रीत जाणार नाही.

पण सिमेंटच्या घराला आपण बाहेरून काय काय लटकवलंय? कबुतरांसाठी नायलॉनची जाळी, बाल्कनीवर प्लास्टिकचे पडदे, एसीची युनिटं, गच्चीवर ताडपत्री. भिंतीलगत दुचाकींची रांग आणि तिच्याखाली गळलेलं पेट्रोल. गच्चीच्या पन्हाळीत सागाची पानं. ठिणगीला एवढं पुरे.

पूर म्हटलं की बदलापूरकर लगेच कान टवकारतो. 2005 आठवतं, 2019 च्या जुलैत वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते. उल्हास नदीची पातळी लोक मोबाइलवर पाहत बसतात. डोंगराकडे मात्र फक्त सूर्यास्ताच्या फोटोसाठी बघायचं. 2001 साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 97,948 होती, 2011 मध्ये 1,74,226. एवढी माणसं कुठेतरी राहणारच, आणि सपाट जमीन संपली की इमारत डोंगराच्या पायाला जाऊन टेकते. बिल्डरच्या जाहिरातीत त्याला ‘निसर्गरम्य’ म्हणतात.

16 फेब्रुवारी, रविवार
कोंडेश्वरच्या बाजूला फिरायला गेलो. वाटेत एका ठाकरवाडीत पाणी प्यायला थांबलो. घर कुडाचं, वर कौलं, पण अंगणात काडी नाही. सारवलेलं अंगण, त्यापुढे खरवडून काढलेली मातीची पट्टी, मगच गवत. पेंढ्याची गंजी घरापासून चांगली लांब. आजीला म्हटलं, किती स्वच्छ ठेवलंय. त्या म्हणाल्या, "स्वच्छ कशाचं? वनवा येतो ना बाई."

कॅलिफोर्नियात घराभोवतीची पहिली पाच फूट जागा जळण्याजोग्या वस्तूंपासून मोकळी ठेवण्याच्या नियमांवर बरीच वर्षं खल चाललाय. आजीच्या अंगणात तो नियम आधीपासून लागू आहे.

वणव्याचा विषय निघाला की शहरातले लोक लगेच "हे आदिवासी, हे शेतकरी राब भाजतात" म्हणून मोकळे होतात. ठाणे-रायगडात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, खरं आहे. कवळ, पालापाचोळा, शेण असे थर लावायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग सावकाश धुमसते. जाणता माणूस ती विझेपर्यंत तिथून हलत नाही. तरी कधी निसटते. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचं जाळतात, तीही निसटते. शिकारीसाठी मुद्दाम लावणारेही आहेत. पण बांधावर उभं राहून राखण करणारा आणि गाडीतून विडीचं थोटूक फेकणारा, दोघांना एकाच मापानं मोजणं मला पटत नाही.

26 फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
अंबरनाथला शिवमंदिरात गर्दी. दर्शन बाहेरूनच घेतलं. रांगेत एक ओळखीचे गृहस्थ भेटले, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये प्लायवूडचं दुकान. त्यांच्याकडे भीती वेगळी. बॅरेकींच्या जागी उठलेल्या इमारती, खाली फर्निचरचे गाळे, वर घरं, आणि गल्ली एवढी अरुंद की बंब वळत नाही. "तुमच्याकडे आगीला रस्ता आहे, बंबाला नाही. आमच्याकडे पण तसंच," म्हणाले आणि हसले.

2 मार्च, रविवार
आज दुपारी ती आली.

तीनच्या सुमारास तडतड ऐकू आली. मागच्या खिडकीतून धूर. भिंतीपलीकडे कमरेइतकं गवत पेटलं होतं आणि आग चढावर धावत होती. चढावर आग पळते, कारण वरच्या गवताला ज्वाळा आधीच शेकून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. आमच्या बाजूनं ती भिंतीलगत संथ सरकत होती. तिथेच दुचाकी.

पोरांनी गाड्या ओढून काढल्या. कोणीतरी जिन्यातलं अग्निशामक नळकांडं आणलं. पंधरा-वीस सेकंदांत पावडर संपली, गवत पुन्हा पेटलं. इमारतीतला होज जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर आहे, पण तो आतल्या आगीसाठी. मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. गच्चीतल्या टाकीचं पाणी बादल्यांनी आणलं. ते संपेपर्यंत बंब आला, पण फाटकाबाहेरच्या दुहेरी पार्किंगमुळे काही मिनिटं तिथेच उभा. शेवटी कामाला आल्या त्या ओल्या गोणत्या आणि निरगुडीच्या फांद्या. शेजारच्या बांधकामावरचे मजूर न बोलावता आले होते, त्यांनी झोडपून विझवलं.

पॅलिसेड्समध्ये दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या आणि उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले. गावाची पाण्याची व्यवस्था एक-दोन घरांच्या आगीच्या हिशेबानं केलेली असते, डोंगराच्या नाही. आमची टाकी तर मार्चपासून तशीही अर्धीच असते.

इमारतीचं नुकसान: दोन एसीच्या नळ्या आणि एक जाळी. डोंगर मात्र रात्री अकरापर्यंत जळत होता.

3 मार्च, सोमवार
सकाळी वनरक्षक आले. तिशीतला मुलगा, डोळे लाल, रात्रभर वरच होता. ओणवं होऊन दगड पाहत होता. म्हणाला, "काका, काकू, इकडं या. दगडाची काळी बाजू बघा. ज्या अंगानं आग आली ते अंग काळं पडतं." सगळे दगड खालच्या अंगानं काळे होते. आग डोंगरावरून उतरली नव्हती. आमच्या भिंतीपासून वर चढली होती.

भिंतीच्या कोपऱ्यात झाडलोटीचा पाचोळा जाळायची जागा आहे. सगळ्यांना ठाऊक. कोणी काही बोललं नाही.

मग त्यानं सांगितलं, उपग्रहावरून भारतीय वन सर्वेक्षण आगीचा ठिपका पकडतं आणि मोबाइलवर संदेश येतो. पण संदेश येऊन माणूस चढेपर्यंत आग पुढं गेलेली असते. हातात ब्लोअर, पाठीला पाण्याची बाटली. त्याचं खरं काम उन्हाळ्याआधीचं: जाळरेषा काढणं, म्हणजे गवताची पट्टी आधीच साफ करून ठेवणं, मग आगीला पुढं खायला काही उरत नाही. जंगलाच्या हद्दीत ती निघते. जंगल आणि सोसायटी यांच्यामधल्या खासगी पट्ट्यात कोण काढणार?

8 मार्च, शनिवार
वर चढून आलो. ऐनाची जुनी झाडं तगतील, त्यांची साल जाड. गेल्या पावसाळ्यात रुजलेली रोपं सगळी गेली. मलंगगडाच्या पायथ्याला मांगरूळला 2017 च्या पावसाळ्यात एक लाख रोपं लावली होती, मोठा सोहळा झाला होता. नंतर तिथेही आगी लागल्या आणि हजारो रोपं जळाली. झाडं लावताना फोटोला गर्दी होते, गवत कापताना होत नाही.

13 मार्च, गुरुवार. होळी
मागच्या मोकळ्या जागेत होळी नको, पुढच्या रस्त्यावर करू, असं यंदा तरी ठरलं. एक आजोबा रागावले. होळी झाली, चांगली झाली, पाण्याचा पिंप शेजारी ठेवला. पुरणपोळी नेहमीसारखी.

14 एप्रिल, सोमवार
आज बाबासाहेबांची जयंती, आणि अग्निशमन सेवा दिनही. 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर स्फोट झाला, त्यात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि स्फोटकं भरली होती.

सभेत आज फायर ऑडिटचे कागद मागितले. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू आहे असं ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कागद मिळाला, यंत्रणाही चालू निघाली. पण त्या कागदात इमारतीच्या बाहेरचा, डोंगराच्या बाजूचा विषयच नाही. कायदा आगीला घरात जन्मलेली मानतो.

ठरलं ते असं: पाचोळा जाळणं बंद, खताचा खड्डा. दुचाकी मागच्या भिंतीपासून दूर. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक नळ आणि लांब पाइप. बंबाच्या वाटेवर गाडी लावणाऱ्याला दंड, आणि त्यावरच सर्वात जास्त भांडण झालं.

27 मे, मंगळवार
काल मान्सून मुंबईत पोचला, नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी. जळलेल्या उतारावरून पहिल्याच पावसात काळी माती ओढ्यात आली. महिन्याभरात गवत पुन्हा उगवेल आणि विषय सगळ्यांच्या डोक्यातून जाईल. म्हणून आजच लिहून ठेवते. अग्निशमन दल 101, वन विभागाची हेल्पलाइन 1926. आणि तुमची इमारत डोंगराला टेकलेली असेल तर मागच्या भिंतीपलीकडची पट्टी कोणाच्या नावावर आहे, ते सातबारा काढून आत्ताच बघा. गवत कापायची परवानगी दिवाळीआधी हातात असायला हवी.