मुठीएवढी, पण मानी

कसाऱ्याहून विहीगावचा घाट चढून खोडाळ्याला पोचता पोचता अंधार पडला, तर पहिली ओळख हिच्याशी करून घ्या. ती जागोजागी भेटेल. कुणाच्या शर्टाच्या खिशातून डोकं वर काढून बसलेली, कुणाच्या कमरेला खोचलेली, किराणा दुकानात गल्ल्याशेजारी उभी. बोटभर उंची, अंगठ्याएवढी जाडी, आणि मान इतकी ताठ की हिच्या परवानगीशिवाय गावात रात्र होत नसावी. ही खिशातली बॅटरी.

स्वभाव न पाहता हिला घरी आणणारे पुष्कळ. दोन महिन्यांत ती खुंटीला लागते, नाहीतर पोरांच्या खेळण्यात जाते, आणि बोल मात्र तिलाच लागतो. म्हणून ओळख जरा नीट करून देतो.

घराणं मोठं आहे. हिची थोरली, एव्हरेडीची तीन सेलांची ‘जीवनसाथी’, दाराजवळच्या खुंटीवर असायची आणि पोरांनी तिला हात लावायचा नाही असा घरोघरी दंडक होता. बूड फिरवून उघडलं की स्प्रिंगच्या पोटात जादा बल्ब जपून ठेवलेला. सेल मंदावले की अंगणात वाळवणाशेजारी तेही ऊन खायला ठेवायचे. त्यात तथ्य होतं. थकलेल्या झिंक-कार्बन सेलला विसावा आणि ऊब मिळाली की तो आणखी थोडा वेळ जोर धरतो. जुनी माणसं अजूनही म्हणतात की थोरलीचा उजेड खरा होता, आणि ते बरोबर बोलतात. तापलेल्या तारेच्या उजेडात सगळे रंग सलग असतात. चिखल चिखलासारखा दिसायचा, रक्त रक्तासारखं.

धाकटीचा उजेड मुळात निळा. निळा एलईडी, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, दोन्ही मिसळून पांढरा. हा निळा एलईडी जमवला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, म्हणजे खोडाळ्याचा नवा जिल्हा आणि हिच्या कुळाचा मोठा मान एकाच सालातले. पण स्वस्तातल्या बॅटरीत तो निळा नको इतका उरतो. मग ओला पाचोळा, दगड आणि त्यांच्यामधून सरकणारं जनावर सगळं एकाच राखी रंगाचं दिसतं. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त लिहिला असेल आणि उजेड किंचित पिवळसर असेल, तर हिनं थोरलीचा गुण घेतलाय असं समजा. त्यासाठी दोन पैसे जास्त पडले तरी द्यावेत.

हिचा मोठा दोष म्हणजे फुशारकी. खोक्यावर ल्युमेनचा आकडा एवढा ठळक छापून घेते की नाव शोधावं लागतं. चांगल्या घरची असेल तर आकडा खोटा नसतो, पण तो पहिल्या काही क्षणांचा असतो. एवढ्याशा देहातून हजार ल्युमेन काढायचे म्हणजे अंग तापणार. थोड्याच वेळात हाताला चटका बसायला लागतो आणि आतलं सर्किट तिला गुपचूप खाली आणतं. ज्यांच्यात ते सर्किट नाही त्या तापत राहतात आणि एलईडीचं आयुष्य कमी करून घेतात. बाजारात तर बोटभर देहावर लाखभर ल्युमेन मिरवणाऱ्याही असतात. त्यांच्याशी बोलूच नका.

अंतराच्या बाबतीतही तिची तीच तऱ्हा. ‘दोनशे मीटर’ म्हणते तेव्हा दोनशे मीटरवर लख्ख दिसेल असं नाही. उजेड पाव लक्सवर येईपर्यंतचं अंतर मोजायचं, असा त्या मोजणीचा नियम आहे. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. सूर्यमाळच्या माथ्यावर पौर्णिमेला उभं राहून चांदण्यात जेवढं ओळखू येतं, तेवढंच त्या टोकाला. शिवाय दुप्पट लांब पाहायचं तर उजेड चौपट लागतो, त्यामुळे मोठ्या आकड्यावर खर्च केलेले पैसे डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत.

तिची खरी लायकी कळते ती हळू बोलण्यात. पाच ल्युमेन म्हणजे खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला आकडा, आणि रात्रीची बहुतेक कामं त्यावरच होतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. हिनं एकदा ओरडून तोंड उघडलं की ती सगळी कमाई गेली. म्हणून घेताना दुकानातच बटण दाबून पाहा. पहिल्या दाबाला मंद, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला प्रखर अशी चढत जाणारी घ्या. पहिल्याच दाबाला डोळ्यांवर झेपावणारी नको. आणि बंद करायला गेलं की लुकलुकत तमाशा करणारी तर अजिबात नको. झोपलेल्या घरात, पाळण्यातल्या पोराच्या तोंडावर तिनं तो तमाशा केला की घरातली बाई तिला उंबऱ्याबाहेर फेकते आणि योग्यच करते.

घरात तिचं पहिलं काम जमिनीकडे बघण्याचं. पावसाळ्यात कुडाच्या घरात माणसं खाली अंथरूण टाकून झोपतात आणि मण्यार रात्रीची फिरते. तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूण सापडत नाही, आणि तेच भयंकर. मांजराचे किंवा बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत. म्हणजे डोळे दिसतील म्हणून थांबून उपयोग नाही, अंगच दिसलं पाहिजे. काळं तकतकीत अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे. अशा वेळी उजेड डोक्यावरून टाकण्यापेक्षा गुडघ्याच्या उंचीवरून आडवा टाकावा. सावल्या लांब पडतात आणि जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा वेगळा ओळखू येतो. बॅटरी उशाशी ठेवायची, पायाशी नाही, आणि पाय खाली टाकण्याआधी तिला बोलू द्यायचं.

हिला सगळ्यात जवळून पाहायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या एखाद्या पाड्याच्या विहिरीवर जा, तेही रात्री. ज्या वैतरणेवरची धरणं मुंबईची तहान भागवतात तिच्याच खोऱ्यात इथल्या बाया झरा पाझरण्याची वाट बघत बसतात, कारण दिवसा तळाशी काही उरत नाही. एक जण दगडांच्या खाचांत पाय रोवत खाली उतरते. दोन्ही हात दगडांना, म्हणून बॅटरी दातांत. धातूची चव जिभेवर, ओठांच्या कडेनं लाळ, आणि उजेड बरोबर तिथे जिथे नजर आहे. खाली पोचल्यावर ती वाटीनं पाणी हंड्यात भरते. गढूळ होऊ नये म्हणून वाटी तिरपी धरून वरवरचं पाणी घेते. वरची बाई दुसरी बॅटरी विहिरीच्या भिंतीवर धरते, खालच्या बाईच्या तोंडावर कधीच नाही. ही समज कुणी शिकवलेली नाही. खिशातल्या बॅटरीनं बारीक का असावं याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही. जाड देहाची, कितीही प्रखर असो, त्या बाईच्या दातांत मावत नाही. आणि तिच्या दातांत बॅटरी धरायची वेळ येऊ नये, तिच्या पाड्यावर नळ यावा, हेही इथेच म्हणून टाकतो.

खाण्याच्या बाबतीत ही नखरेल आहे, आणि निवड इथेच फसते. एक जात पेन्सिल सेल खाते. खोडाळ्यात तो किराणा दुकानात मिळतो, विहीगावला मिळतो, यात्रेतल्या पालावर मिळतो. दुसरी जात लिथियमवर पोसलेली, १८६५० नावाच्या सेलची. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि मानपान असलेल्या जावयासारखी: अमकाच सेल, तमकाच चार्जर, तोही वेळेवर. जोर तिच्यात जास्त, शंका नाही. पण जुलैत वाऱ्यानं झाड तारेवर पडलं आणि दोन दिवस वीज आली नाही की जावईबापू उपाशी आणि घर अंधारात. शहरात राहून अधूनमधून इकडे येणाऱ्यानं लिथियमची खुशाल घ्यावी. इथे राहणाऱ्यानं एका पेन्सिल सेलवर चालणारी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल तिला चालतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, पण चांगल्या सर्किटची बॅटरी त्यावर कुरकुर करत नाही.

दोन पिनांचा प्लग पोटातून बाहेर काढून भिंतीला लावायची ती प्लॅस्टिकची बॅटरी दिसायला भारदस्त, पण आत बहुधा शिसं-आम्लाचा सेल. तो रिकामा राहिला की दगावतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परत येतं तेव्हा ही खुंटीवर मेलेली असते.

रुसते तेव्हा पाणी सोडते. सेल आत विसरला की महिन्यांनी त्यातून क्षार बाहेर येतो, स्प्रिंग हिरवी-पांढरी पडते आणि बटण दाबून काही होत नाही. सेल अल्कलाइन असेल तर लिंबाचा रस कापसावर घेऊन तो क्षार पुसावा, कोरडं करावं. बऱ्याचदा रुसवा निघतो. पण वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवणं सगळ्यात बरं.

पावसाला भिते का? घराण्यावर आहे. आयपीएक्स ४ म्हणजे उडालेले शिंतोडे सोसते, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहते. जव्हार-मोखाड्याच्या पावसाला ७ च्या खालची नको. तिचा जीव बुडाच्या आट्यांवरच्या रबरी रिंगेत असतो. सेल बदलताना त्या रिंगेवर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरतं. आटे पुसावेत, रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा, घट्ट करावं.

खिशातली तिची एक वाईट सवय सांगायलाच हवी. चुकून दाबली जाते आणि आतल्या आत पेटून राहते. मांडीला ऊब लागते तेव्हा कळतं. उपाय सोपा आहे: बूड पाव फेरा सैल करावं. आट्यांवर ॲनोडायझिंगचा थर असलेल्या बॅटरीत तेवढ्यानं वीज तुटते. आणि उतारावर ठेवली की ही घरंगळत निघून जाते, म्हणून अंगाला क्लिप हवी नाहीतर कडा हवी.

मोबाइल ही हिची सवत. तिच्याकडे उजेड आहे, पण तो पसरट, पायापुरता. तिला दातांत धरता येत नाही, पावसात धीर सुटतो, आणि चिखलात पडली तर उजेडाबरोबर घरच्यांचा फोनही जातो. रात्री गाडी बंद पडली तर फोनचा जीव फोनसाठीच राहू द्यावा.

मृगाचा पाऊस पडला की हिचा उत्साह पाहावा. ओढ्याला पहिलं पाणी आलं, मासे चढणीला लागले की पोरं हिला घेऊन पाण्यात उतरतात. उजेड पडला की खेकडा क्षणभर जागच्या जागी थबकतो, आणि तेवढा क्षण पुरतो. मोहाच्या दिवसांत ती पहाटे अंधारातच झाडाखाली हजर असते. धुक्यात मात्र तिला कमरेखाली धरावं. डोळ्यांच्या रेषेत धरली तर सगळा उजेड धुक्यावर आपटून परत येतो.

पण काही ठिकाणी तिनं गप्पच बसायला हवं. बोहाड्याच्या रात्री मशालीच्या उजेडात देवांचे मुखवटे संबळावर नाचत येतात. तिथे पांढरा झोत टाकला की मुखवट्याचा नुसता रंगवलेला लगदा दिसतो. पावसाच्या तोंडावर काजव्यांच्या झाडाखाली तर तिला खिशाबाहेर काढूच नये. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं, त्यात हिनं तोंड घातलं की ते बोलणं मोडतं. वाटेवर समोरून कुणी आलं तर उजेड त्याच्या पावलांवर टाकावा, चेहऱ्यावर नाही. ‘कोण गं?’ म्हणून विचारावं, उत्तर येतं.

विकत घेताना दुकानदार भर दुपारी ती पेटवून दाखवेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. तांदळाच्या रिकाम्या गोणीत हात घालून पेटवा. मधला झोत आणि त्याभोवतीचा पसरलेला उजेड दोन्ही दिसतील. तळहातावर मंद उजेड टाकून कातडीचा रंग पाहा. निळसर दिसला तर परत द्या. मग दातांत धरून पाहा, दुकानदार हसला तरी. बसली तर सेल टाकून घ्या, एक जास्तीचा सेल वेगळ्या पिशवीत मागा, आणि पैसे देण्याआधी बूड स्वतःच्या हातानं घट्ट करा.