दहाच्या आत घरी

बारामतीत रुई, जळोची, तांदुळवाडी, सूर्यनगरी या बाजूला भाड्याची घरं पुष्कळ. कुणाला विद्यार्थी हवे असतात, कुणाला एमआयडीसीतले नोकरदार, कुणाला फक्त फॅमिली. ज्या घराची ओळख करून द्यायची आहे, ते यातलं काहीच विचारत नाही. दारात आलेल्या माणसाला त्याचा एकच प्रश्न असतो, ‘‘शेवटची कधी घेतली?’’ खरं उत्तर मिळाल्याशिवाय बॅग उंबऱ्याच्या आत येत नाही.

हे सोबर घर. दारू, गांजा किंवा दुसरी कुठली नशा सोडलेली सहा-आठ माणसं एकत्र भाडं भरून राहतात, एवढाच त्याचा व्याप. डॉक्टर नाही, सलाइनचा स्टँड नाही, पांढरा कोट नाही. त्याला दवाखाना म्हटलेलं अजिबात खपत नाही. बारामतीत किंवा इंदापुरात कुणाला असं घर काढायचं असेल, त्यात पैसे घालायचे असतील, तर त्याचा स्वभाव आधी समजून घ्यावा. मालक बदलला म्हणून हा स्वभाव बदलत नाही.

घराणं मोठं आहे. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये पुढं केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता यांनी ते उभं केलं. तिथला उपचार ३५ दिवसांचा. छत्तिसाव्या दिवशी माणूस एसटीत बसतो आणि बारामतीच्या स्टँडवर उतरतो. चेहरा तजेलदार, हातात पिशवी, खिशात फॉलोअपची तारीख. पण स्टँडवरून घरी जायची वाट तीच, वाटेवरचं दुकान तेच, हाक मारणारा दोस्तही तोच. सोबर घराचा दिवस या छत्तिसाव्या दिवशी उजाडतो.

त्याचा एक भाऊबंद अमेरिकेत आहे. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावात सरकारी खर्चानं चालणारं असंच एक घर पैशाअभावी बंद होणार होतं. पॉल मॉलॉय आणि त्याचे सोबती तिथं राहत होते. त्यांनी ती इमारत स्वतःच भाड्यानं घेतली, पगारी माणसं ठेवली नाहीत आणि सहा महिन्यांत घर सोडण्याची अटही काढून टाकली. त्यातून ऑक्सफर्ड हाउस नावाची घरांची साखळी निघाली. नियम तीनच: कारभार मतानं चालवायचा, खर्च सगळ्यांनी भरायचा, आणि जो पिईल त्यानं घर सोडायचं. कारभाऱ्याची मुदत सहा महिने, म्हणजे कुणी घरावर ठाण मांडून बसायला नको.

आता खोडी सांगतो. या घराचं नाक तिखट आहे. बडीशेप चघळत आलेल्या माणसाकडं ते दोनदा बघतं. खोकल्याचं औषध, सॅनिटायझरची बाटली, दाढीनंतर लावायचं पाणी, असल्या वस्तू त्याला कपाटात नकोत. लागतीलच तर कपाटावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. फुंकर मारायचं यंत्र त्यानं घेऊन ठेवलेलं असतं आणि ते बाहेर काढताना त्याला जराही संकोच वाटत नाही. जुना असो, नवा असो, कारभारी असो, सगळ्यांनी फुंकायचं.

रात्री दहानंतर त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. तिसऱ्या पाळीला गेलेल्याची काळजी नाही, त्याची पाळी भिंतीवर लिहिलेली असते. पण ‘जरा भिगवण चौकापर्यंत जाऊन येतो’ म्हणून आठला निघालेला माणूस सव्वादहापर्यंत आला नाही, की घरातला दिवा मालवत नाही. कुणीतरी फोन लावतं, कुणीतरी गाडी काढतं. दार मात्र बाहेरून कधीच कुलपात नसतं. कडी आतून. ज्याला जायचं त्यानं जावं. माणसाला डांबून ठेवून सोबर करता येतं, यावर या घराचा मुळीच विश्वास नाही, आणि माझाही नाही.

एकट्याची खोली मागणाऱ्याचा त्याला संशय येतो. ‘मला घोरण्याचा त्रास होतो’ ही सबब त्यानं पुष्कळदा ऐकलेली असते. एका खोलीत दोघं किंवा तिघं. शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री दोनला उठून बसला तर विचारायला कुणी हवं. ज्यानं आयुष्यात अनेक बाटल्या लपवल्या, त्याला लपायला जागा नसलेली खोलीच मानवते.

स्वयंपाकघरात तर त्याच्यातली सासू जागी होते. पाळीप्रमाणं ज्याची त्यानं कणीक मळायची. चाळीस वर्षं आयतं ताट पुढ्यात आलेल्या माणसाची पहिली पोळी नकाशासारखी निघते आणि घर ती पोळी त्यालाच वाढतं. पाच वाजता सगळ्यांचा चहा, कारण संध्याकाळी पाच ते आठ हा सगळ्यात घसरडा वेळ. त्या वेळात घर कुणाला रिकामं बसू देत नाही. भांडी, झाडलोट, भाजी निवडणं, नाहीतर नशा सोडलेल्यांची मीटिंग.

या घराला सगळ्यात धास्ती असते ती पैसे हातात पडण्याच्या दिवसाची. कंपनीचा पगार सात-दहा तारखेच्या आत होतो. इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथं साखर कारखाने, बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. उसाचं बिल जमा झालं की गावात गाड्या येतात, पार्ट्या होतात, जुनी उधारी फिटते. आणि आपल्याकडच्या उसाच्या मळीतूनच दारूचा अल्कोहोलही निघतो, हे या घराला ठाऊक आहे. पगाराच्या दिवशी ते हिशेबाची वही आधीच उघडून बसतं. भाडं, किराणा, गॅस यांचे पैसे त्याच दिवशी जमा. घरी बायकोकडं पाठवायचे, तेही तिथंच बसून मोबाइलवरून. उरलेल्या रकमेवर माणसाचा हक्क. पण खिसा हलका झालेला असतो आणि झोप लवकर येते.

जागेबाबत त्याच्या आवडीनिवडी ठाम. बारामतीत त्याला कंपनीच्या बसच्या वाटेवर राहायला आवडतं. हाताला काम नसलेला माणूस या घरात टिकत नाही आणि सहा जण कमावते असल्याशिवाय घरही टिकत नाही. इंदापुरात पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेचा बंगला कितीही स्वस्त मिळाला तरी ते नाक मुरडतं. ढाबे आणि परमिट रूम यांच्या रांगेत त्याला झोप लागणार नाही. गावात, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा आळीत, आजूबाजूला बाया-पोरांची वर्दळ असलेलं घर त्याला हवं. उजनीच्या पाण्याकाठचं निवांत शेतघर बघून गुंतवणूकदार हरखतो. निवांतपणा या माणसांच्या मुळावर उठतो. ते शेतघर पक्षी बघायला येणाऱ्यांना द्यावं.

पाटी लावून घ्यायला त्याचा साफ नकार. ‘नवजीवन’, ‘संकल्प’ असली नावं त्याला दारावर नकोत. त्याला चारचौघांत मिसळायची हौस आहे, दुसऱ्या कुठल्या गोष्टीची इतकी नाही. अंगण झाडलेलं, मोटरसायकली ओळीत, गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी. तरी कधीतरी कुणाला कळतं आणि ‘बेवड्यांचं घर’ असा शब्द गल्लीत फिरतो. अमेरिकेतल्या भाऊबंदाला यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. एडमंड्स गावाच्या नगरपालिकेचं म्हणणं, नात्यातली नसलेली पाचपेक्षा जास्त माणसं या वस्तीत एकत्र राहू शकत नाहीत. १९९५ मध्ये निकाल ऑक्सफर्ड हाउसच्या बाजूनं लागला. आपल्याकडं कोर्टाच्या आधी शेजारच्या काकूंशी बोलावं. गल्लीत संध्याकाळी पिऊन धिंगाणा घालणारी घरं किती, आणि कुणीच पीत नाही याची रोज खात्री करून घेणारं घर कोणतं, हे त्यांना लवकर उमगतं.

मालकाशी मात्र त्याचं नातं नाजूक आहे, आणि इथं जरा थांबायला हवं.

समजा, बंगल्याचं भाडं महिना १६,००० आणि राहणारे आठ. माणशी २,०००. दोन खाटा रिकाम्या पडल्या की सहा जणांवर २,६६७ येतात आणि घर कुरकुरायला लागतं. खाट भरायची घाई होते. ही घाई राहणाऱ्यांना झाली तर ते निदान येणाऱ्याला चार प्रश्न विचारतात, कारण रात्री त्याच्या शेजारी त्यांनाच झोपायचंय. मालकच खाटेप्रमाणं भाडं घेत असेल तर घाई त्याला होते. मग पिऊन आलेला भाडेकरूही ‘चांगला पैसे देणारा’ ठरतो. त्याला काढलं तर महिन्याचं भाडं जातं, ठेवलं तर बाकीचे सात जातात. खाटेमागं पैसे घेणारा मालक या घराचा नकळत वैरी होतो.

लोभ कुठवर जातो हे फ्लोरिडानं दाखवलं. तिथं काही सोबर घरांचे चालक राहणाऱ्यांची लघवी वारंवार तपासायला पाठवायचे, प्रयोगशाळा विमा कंपनीला भरमसाट बिलं लावायची आणि चालकाला वाटा मिळायचा. काही ठिकाणी माणूस पुन्हा नशेत गेला तर धंदा वाढायचा. पाम बीच काउंटीत २०१६ मध्ये सरकारी वकिलांनी यासाठी खास पथक नेमलं आणि अटका झाल्या.

उलट जिथं घर राहणाऱ्यांच्या हाती राहिलं, तिथं काय झालं तेही मोजलेलं आहे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लेनर्ड जेसन यांनी उपचार संपवून निघालेली १५० माणसं घेतली. निम्मी ऑक्सफर्ड हाउसमध्ये, निम्मी नेहमीच्या वाटेनं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनी घरात राहायला गेलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के नशा करत होते, बाकीच्यांत ६५ टक्के.

कागदपत्रांबाबत घर काटेकोर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, पोलिसांकडं भाडेकरूंची माहिती, हे सगळं पहिल्या आठवड्यात. दुसरी रेषा जास्त महत्त्वाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेच्या दुरुपयोगातून येणारे विकारही येतात. माणसांना दाखल करून घेऊन उपचार किंवा पुनर्वसन करणाऱ्या जागेला राज्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. मित्र म्हणून एकत्र राहणं वेगळं, आणि मालकानं फी घेऊन ‘ॲडमिशन’ देणं वेगळं. ही रेषा कुठं आहे हे करार करण्याआधी वकिलाकडून समजून घ्यावं.

कालपर्यंत पीत असलेल्याला हे घर घेत नाही, कितीही हातापाया पडला तरी. खूप वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जातो. त्यानं आधी दवाखान्यात जायचं. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

आणि कुणी घसरलाच तर? त्या वेळी हे घर जितकं कठोर दिसतं तितकं एरवी कधी दिसत नाही. मत घेतलं जातं, बॅग त्याच रात्री बाहेर. पण आल्या दिवशी वहीत लिहून घेतलेला एक नंबर असतो, भावाचा, मेहुण्याचा, फॉलोअपच्या कार्यकर्त्याचा. रात्री अकराला इंदापूरच्या स्टँडवर माणसाला एकट्याला सोडायचं नाही; दोघं जण सोबत जातात आणि त्याला कुणाच्या तरी हवाली करून परततात. सकाळी त्या दोघांचे डोळे सुजलेले असतात. तरी घर निर्णय फिरवत नाही.

आषाढीच्या आधी ते हळवं होतं. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करून पुढं निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग इंदापूर. या पट्ट्यात दारू सोडण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे गळ्यात माळ घालणं, आणि माळ टिकते ती दिंडीतल्या संगतीनं. म्हणून कुणी दोन मुक्काम चालून येतो म्हणाला तर घर रजा देतं. दिंडीत विणेकऱ्याची नजर आपल्यापेक्षा तिखट असते, हे ते मोकळेपणानं मान्य करतं.

मुलं पुण्याला, हिंजवडीला गेली आणि वरचा मजला रिकामा पडला, अशी घरं दोन्ही तालुक्यांत आहेत. तुमचं त्यातलं एक असेल तर मुक्तांगणसारख्या संस्थेच्या फॉलोअप गटाशी बोला. कुणाला स्वतःसाठी मदत हवी असेल तर सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. वरचा मजला अकरा महिन्यांसाठी देऊन बघा. फक्त खाटा मोजू नका, सगळ्या घराचं मिळून एकच भाडं ठरवा.