वर्तकनगरांतील जुनें आणि पुरातन

ठाणें स्टेशनापासून येऊरच्या डोंगराकडे निघालें म्हणजे वाटेंत वर्तकनगर लागतें. येथील म्हाडाच्या जुन्या वसाहतींतील कित्येक इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत. तें दृश्य पाहतां सहज प्रश्न पडतो: जुनें कशाला म्हणावें आणि पुरातन कशाला?

लॅटिन भाषेंत ह्यासाठीं दोन निराळीं विशेषणें आहेत. पहिलें 'वेतुस'. आपला 'वत्सर' शब्द त्याचा सगोत्र. वर्षें अंगावर चढून जें जुनें झालें, तें वेतुस. दुसरें 'आन्तिक्वुस'. हें 'आन्ते' म्हणजे 'आधीं, पुढें' ह्या अव्ययापासून झालें असून वैदिक 'अन्ति' त्याच कुळांतलें आहे. जें आपल्या आधीं होतें, तें आन्तिक्वुस. मौज अशी कीं, ह्याच विशेषणाचें तुलनावाचक रूप रोमन लोक 'अधिक महत्त्वाचें' ह्या अर्थींही योजीत. जो आधीं, त्याला अग्रपूजेचा मान!

आपला १९७२ चा पुरावस्तूंविषयींचा कायदा मात्र वर्षेंच मोजतो: वस्तूला निदान १०० वर्षें, महत्त्वाच्या हस्तलिखिताला वा दस्तऐवजाला ७५. ह्या मापानें वर्तकनगरची वसाहत पुरातन ठरत नाहीं. ती जीर्ण झाली. तिनें जावें, हें रहिवाशांच्या हिताचेंच आहे.

परंतु घराबरोबर घरांतलें सर्वच जीर्ण ठरतें काय? ठाण्याच्या किल्ल्यांत पूर्वीं पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट निघाला. लिहिला गेला त्या दिवशीं तोही जमिनीच्या दानाचा एक नवा कागदच होता. तांब्यावर कोरलेला म्हणून तो मातींत टिकला. आजोबांची रोजनिशी, आजीच्या जमाखर्चाची वही, कुळाच्या नोंदी ह्यांना तें भाग्य नाहीं. त्या एका दुपारींत रद्दीच्या तराजूंत जातात.

म्हणून घर रिकामें करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांना जवळ बसवून जुनी पेटी उघडावी. कोणतें अक्षर कोणाचें, हें त्यांच्याकडून विचारून त्या त्या कागदावर लिहून ठेवावें. आणि भाड्याच्या घरीं सामान न्यावयाचें, तेव्हां कपाटें मागाहून जाऊं द्यावीं. ती पेटी पहिल्या फेरींत न्यावी.